गोपाळमंदिराच्या बायजाबाई

उज्जैनच्या भर बाजारातले गोपाळमंदिर बायजाबाई शिंदे यांनी बांधविले. भाविक दर्शन घेऊन परततात. बांधविणारीचे चरित्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्या कागलच्या घाटग्यांची कन्या, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. १८२७ साली दौलतराव वारले; पुत्र नव्हता. बाईंनी दत्तक घेतला आणि ग्वाल्हेरचा कारभार स्वतः चालविला. सावकारीतही त्या तरबेज होत्या. दत्तकपुत्र जाणता होताच प्रश्न उभा राहिला : विधवेचा अधिकार तिचा स्वतःचा, की मुलगा मोठा होईपर्यंतचाच? १८३३ साली फौज मुलाकडे फिरली, इंग्रजांनी त्यालाच मानले, आणि बाई परागंदा झाल्या.

१८३५ साली फत्तेगडच्या छावणीत फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्यांना भेटली. हिंदू विधवांच्या हालांवर बोलणे निघाले. तेव्हा विलायतेच्या कायद्यातही विवाहिता सर्वस्वी नवऱ्याच्या स्वाधीन असते, हे पार्क्सबाईंनी मोकळेपणाने सांगितले. न्याय शिकवू पाहणाऱ्यांच्या घरची ही तऱ्हा! तिकडे विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेचा पुरा हक्क मिळाला तो १८८२ साली.

बायजाबाई १८६३ साली वारल्या. स्वतःच्या अधिकाराने दत्तक घेण्याचा आणि वारशाने आलेल्या संपत्तीची पूर्ण मालकीण होण्याचा हक्क हिंदू विधवेला १९५६ च्या कायद्यांनी दिला.