घोड्यावरून येणारी परिचारिका

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या आग्नेय भागात डोंगरांच्या दाट रांगा आहेत. त्या रांगांमधून केंटकी नदीचे फाटे वाहतात. त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी पूर्वी ओंडक्यांची लहान लहान घरे विखुरलेली असत. १९२५ साली तेथील लेस्ली परगण्यात आगगाडी पोहोचली नव्हती आणि मोटार जाईल असा रस्ताही नव्हता. ओढ्याचे पात्र हीच वाट. पूर आला म्हणजे तीही बंद. मक्याचे पीक आणि डोंगरातील लाकूड यांवर लोक कसाबसा निर्वाह करीत. रोख पैसा क्वचितच दृष्टीस पडे. अशा ठिकाणी एखादी बाळंतीण अडली, तर डॉक्टर मिळणे कठीण, आणि मिळालाच तर त्याची फी देण्याची ऐपत कोणाला? आजारपणाचा खर्च भागविणाऱ्या विम्याची सोय तर त्या डोंगरकपारीत नव्हतीच. बाळंतपणे वृद्ध सुइणी करीत, आणि पुढचे सारे दैवावर सोपविले जाई.

या प्रदेशाचे दैव बदलण्याचा प्रयत्न जिने केला, ती मेरी ब्रेकिनरिज श्रीमंत घरात जन्मली होती. तिचा जन्म १८८१ साली मेम्फिस शहरी झाला. आजोबा अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. वडील काही काळ रशियात अमेरिकेचे वकील होते. मेरीचे शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये आणि नंतर मायदेशी झाले. अशा घराण्यातील मुलीने लग्न करून सुखाने संसार करावा, एवढीच त्या काळी अपेक्षा असे. तिने लग्न केले. परंतु १९०६ मध्ये तिचा पती आंत्रपुच्छाच्या विकाराने वारला. तेव्हा तिने न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले आणि १९१० साली ती परिचारिका झाली. पुढे तिने दुसरा विवाह केला. १९१६ मध्ये झालेली मुलगी काही तासांतच गेली. मुलगा ब्रेकी चार वर्षांचा होऊन १९१८ च्या प्रारंभी दगावला. तो विवाहही टिकला नाही. ज्या घरात पैशाची वाण नव्हती, तेथेही मुले वाचली नव्हती. मग ज्यांच्या दारात डॉक्टरचे पाऊलच पडत नाही, त्यांचे काय होत असेल? हा विचार मेरीबाईंच्या मनातून पुढे कधी गेला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर त्या फ्रान्सच्या उद्ध्वस्त गावांत माता व बालके यांच्या सेवेसाठी गेल्या. तेथे त्यांचा इंग्लंडच्या परिचारिकांशी परिचय झाला. त्या परिचारिका शुश्रूषा करीत आणि बाळंतपणही करीत. दोन्ही विद्या त्यांच्या अंगी होत्या. अमेरिकेत अशी व्यवस्था नव्हती. आपल्या डोंगराळ मुलखाला हवी ती हीच, असे मेरीबाईंनी ओळखले.

परंतु त्यांनी लगेच संस्था काढली नाही. ही गोष्ट मला विशेष वाटते. कारण उत्साही माणसे बहुधा आधी पाटी लावतात आणि मग गरज शोधतात. १९२३ च्या उन्हाळ्यात मेरीबाई घोड्यांवरून व खेचरांवरून केंटकीच्या तीन परगण्यांत सहाशे मैलांहून अधिक हिंडल्या. घरोघरी जाऊन त्यांनी चौकशी केली. ५३ सुइणींना त्या भेटल्या. बहुतेकींना कसलेही रीतसर शिक्षण नव्हते. त्यानंतर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्या स्वतः विद्यार्थिनी झाल्या. लंडनला जाऊन त्यांनी सुइणीची विद्या शिकून परीक्षा दिली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात व बेटांवर सरकारच्या साहाय्याने १९१३ पासून चाललेली वैद्यकीय सेवाही त्यांनी बारकाईने पाहिली. तेथे गरीब शेतकरी अल्प फी देई आणि उरलेला भार सरकार उचली.

१९२५ मध्ये त्यांनी लेस्ली परगण्यात कार्य आरंभिले. १९२८ पासून ते ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ या नावाने प्रसिद्ध झाले. नदीच्या काठी वेंडोव्हर येथे ओंडक्यांचे मोठे घर उभे राहिले. कार्य वाढले तेव्हा निरनिराळ्या ओढ्यांवर उपकेंद्रे निघाली. आजाऱ्याने परिचारिकेकडे यावे अशी वाट पाहावयाची नाही. परिचारिकेनेच त्याच्या दारी जावे, असा नियम होता. अपरात्री कोणी हाक घालताच परिचारिका घोड्यावर खोगीर चढवी, औषधे व निर्जंतुक केलेली उपकरणे भरलेल्या थैल्या खोगिरावर टाकी आणि थंडीवाऱ्यात निघे. बाळंतपण उरकले म्हणजे तिचे काम संपले असे नव्हे. घटसर्प, देवी, विषमज्वर यांच्या लसी टोचणे, विहिरीचे पाणी शुद्ध कसे राखावे ते समजाविणे, हेही ती करी. अवघड दुखणे असले तर डॉक्टरला बोलावणे पाठवी.

फी कशी ठरविली होती, तेही पाहण्याजोगे आहे. सर्व कुटुंबाच्या शुश्रूषेसाठी वर्षाला एक डॉलर, आणि बाळंतपणासाठी पाच डॉलर. रोख नसेल त्याने कोंबड्या, अंडी किंवा घोड्यांसाठी वैरण द्यावी. तेही नसेल त्याने कुंपण दुरुस्त करावे, लाकडे फोडावीत. काहीच देता येत नाही म्हणून कोणाला परत पाठवीत नसत. फुकटच का दिले नाही, असे कोणी विचारील. परंतु त्या डोंगरातील माणसे मानी होती. आपण मोल दिले आहे, या जाणिवेने ती ताठ मानेने परिचारिकेला बोलावीत.

अर्थात एवढ्याने खर्च भागणे शक्य नव्हते. प्रारंभी मेरीबाईंनी स्वतःची मिळकत खर्ची घातली. पुढे त्या मोठमोठ्या शहरांत व्याख्याने देऊन देणग्या मिळवीत. १९२८ मध्ये हायडन गावी रुग्णालय उघडले. १९२९ नंतरच्या मंदीत देणग्या आटल्या, वेतने कमी झाली, तरी काम थांबले नाही. १९३१ मध्ये घोडा उधळून त्या पडल्या व पाठीचा कणा मोडला. पुढे आयुष्यभर पाठीला आधाराचा पट्टा बांधून त्या वावरल्या.

पहिल्या एक हजार बाळंतपणांचा हिशेब विम्याच्या एका मोठ्या कंपनीच्या तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा बाळंतपणाच्या कारणाने एकही माता मृत्यू पावली नसल्याचे आढळले. त्या काळी सबंध अमेरिकेत दर हजार बाळंतपणांमागे सहा-सात माता दगावत. हे यश शहरातल्या उत्तम रुग्णालयातले नव्हते. कंदिलाच्या उजेडात, ओंडक्यांच्या घरांत मिळविलेले होते.

मेरीबाईंच्या ठायी उणिवाही होत्या. दक्षिणेकडील जुन्या उच्चकुलीनांचे कृष्णवर्णीयांविषयीचे पूर्वग्रह त्यांच्या मनातून गेले नाहीत. ही खंत त्यांच्या चरित्रात राहतेच.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि त्यांच्याकडील कित्येक इंग्रज परिचारिका मायदेशी परतल्या. काम बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा मेरीबाईंनी हायडन येथेच परिचारिकांना सुइणीची विद्या शिकविणारी शाळा काढली. कालांतराने डोंगरात रस्ते झाले, आणि घोड्यांच्या जागी जीपगाड्या आल्या. १६ मे १९६५ रोजी वेंडोव्हरच्या त्याच ओंडक्यांच्या घरात मेरीबाईंचा अंत झाला. त्यांच्या शाळेचे पुढे विद्यापीठ झाले असून, तेथे शिकलेल्या परिचारिका आजही दूरदूरच्या खेड्यांत जातात.