नॉर्मन लॉकियर : विजयदुर्गावर ते हेलियम शोधायला आले नव्हते

१८ ऑगस्ट १८६८. श्रावणातली अमावास्या. त्या सकाळी एडनकडून अरबी समुद्र ओलांडून आलेली चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर चढली. सह्याद्री पार करून ती जोतिबाच्या डोंगरावरून, म्हणजे कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवरून सरकली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणमजवळ बंगालच्या उपसागरात उतरली. खग्रास सूर्यग्रहण होते. या ग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली आणि तिच्यामुळे हेलियम हे मूलद्रव्य माणसाला कळले.

मराठीत ही गोष्ट बहुधा अशी सांगतात : नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ त्या दिवशी विजयदुर्ग किल्ल्यावर दुर्बीण लावून बसला होता आणि त्याने तिथे हेलियम शोधला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याची खूण म्हणून दाखवतात. ओटे खरे, साहेबही खरा. तारीख मात्र चुकली आहे. १८६८ च्या त्या सकाळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले त्यानंतर तीस वर्षांनी, जानेवारी १८९८ मध्ये, आणि तेव्हा हेलियम हा त्यांच्यासाठी जुना विषय झाला होता. ते आले होते वेगळ्याच प्रश्नासाठी : तारे जन्मतात कसे, तापतात कसे, विझतात कसे?

कारकून आणि दुर्बीण

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावी झाला. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. १८५७ मध्ये ते लंडनच्या युद्धखात्यात कारकून म्हणून चिकटले, पुढच्याच वर्षी लग्न झाले. दिवसा फायली, रात्री आकाश. विम्बल्डनच्या घरी त्यांनी सव्वासहा इंची दुर्बीण बसवली आणि १८६२ मध्ये मंगळाची इतकी बारकाईने चित्रे काढली की व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनाही दखल घ्यावी लागली. पत्नी विनिफ्रेड फ्रेंच विज्ञानग्रंथांची इंग्रजी भाषांतरे करत.

त्याच सुमारास जर्मनीत किरखोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले होते की तापलेले प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रंगांच्या रेषा देते. मीठ ज्योतीत टाकले की ज्योत पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून काढून त्याचा वर्णपट पाहिला, तर तो तारा कशाचा बनला आहे हे इथे बसून सांगता येईल, अशी वाट त्यातून उघडली. लॉकियर यांनी दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला आणि पुढचे आयुष्य त्यातच घालवले.

त्यांच्या डोक्यात एक साधा विचार आला. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला गुलालासारख्या रंगाच्या ज्वाला दिसतात. एरवी त्या दिसत नाहीत, कारण आकाशाच्या उजेडात बुडून जातात. पण त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या असतील तर?

जोतिबाची यात्रा पाहिलेल्यांना पुढचे कळायला सोपे जाईल. तिथे गुलाल आणि खोबरे उधळतात. मूठभर गुलाल लहानशा ओवरीत उधळला तर सगळे लालभडक. तेवढाच गुलाल मोठ्या पटांगणावर पसरला तर रंग फिका पडतो. खोबऱ्याच्या वाट्यांचे तसे होत नाही. त्या कितीही लांब लांब पडल्या तरी प्रत्येक वाटी तेवढीच ठळक राहते. आकाशाच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, म्हणून लोलकाने तो जितका जास्त पसरवावा तितका तो गुलालासारखा फिका होतो. तापलेल्या वायूचा प्रकाश मात्र मोजक्याच रेषांत गोळा झालेला असतो. त्या रेषा एकमेकींपासून लांब गेल्या तरी फिक्या होत नाहीत. म्हणजे पुरेसा ताकदवान वर्णपटदर्शक असेल तर ग्रहणाची वाट पाहायचे कारणच उरत नाही.

लॉकियर यांनी तसे उपकरण बनवायला दिले. कारागिराकडून ते यायला इतका उशीर झाला की मधल्या काळात १८६८ चे ग्रहण होऊन गेले. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. त्यांनी ग्रहणात ज्वालांच्या रेषा पाहिल्या, त्या इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहणाशिवायही त्या त्यांना दिसल्या. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, त्या प्रसिद्ध हर्शेल घराण्यातले. त्यांनाही पावसाळी ढगांतून रेषा दिसल्या. पिवळी रेषा अनेकांनी पाहिली, पण बहुतेकांनी ती सोडियमची धरली.

लॉकियर यांच्या हाती उपकरण आले ऑक्टोबरमध्ये, आणि २० ऑक्टोबरला लंडनमधूनच त्यांनी सूर्याच्या कडेवरची ज्वाला गाठली. त्यांचे पत्र आणि जान्सेन यांचे पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचले गेले. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेले एक पदक काढले. श्रेयावरून भांडण पेटायला इतकी चांगली संधी असताना दोघे आयुष्यभर मित्र राहिले.

मग लॉकियर त्या पिवळ्या रेषेच्या मागे लागले. ती सोडियमच्या जोडरेषेच्या शेजारी होती, पण नेमकी त्या जागी नव्हती. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्या साथीने त्यांनी प्रयोगशाळेत बरेच वायू तपासले. एकही ती रेषा देईना. हे पृथ्वीवर न सापडलेले द्रव्य असावे, या मतावर लॉकियर आले. फ्रँकलंड यांना ते पटले नाही. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले, आणि पुढची पंचवीसेक वर्षे बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांनी ते नाव चेष्टेवारी नेले. १८९५ मध्ये रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा मिळाली, तेव्हा चेष्टा थांबली.

या काळात लॉकियर यांनी आणखी एक काम केले. नोव्हेंबर १८६९ मध्ये त्यांनी ‘नेचर’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ५० वर्षे संपादक म्हणून चालवले. आज जगभरचे शास्त्रज्ञ ज्यात छापून येण्यासाठी धडपडतात तेच हे.

एक तारा दोनदा लाल होतो

आता मुख्य गोष्ट. हिवाळ्यात जोतिबाच्या डोंगरावरून पाहिले तर रोहिणी नारिंगी दिसते, व्याध निळसर पांढरा. उन्हाळ्यात ज्येष्ठा चांगली तांबडी दिसते. लोखंड तापवताना आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होते, तेव्हा रंगाचा संबंध तापमानाशी आहे हे उघड होते. बहुतेक ज्योतिर्विद मानत की तारे पांढरे जन्मतात आणि हळूहळू थंड होत लाल होतात. लाल म्हणजे म्हातारा.

लॉकियर यांनी विचारले, तारा जन्मतःच तापलेला कुठून येईल? तो आधी थंड असणार, मग तापणार आणि नंतर निवणार. म्हणजे प्रत्येक तारा आयुष्यात दोनदा लाल होतो : एकदा चढताना, एकदा उतरताना. त्यांनी ताऱ्यांच्या वर्गांची एक कमानच रचली. चढत्या बाजूला तळाशी ज्येष्ठेचा वर्ग, मग रोहिणीचा, ध्रुवाचा. माथ्यावर सर्वांत तप्त तारे. उतरत्या बाजूला व्याध, प्रश्वा, स्वाती असे वर्ग. लाल असूनही ज्येष्ठा तरुण, हे त्या काळात विचित्र वाटणारे विधान होते.

सुरुवात मात्र त्यांनी उल्कांपासून केली. विश्वात सगळीकडे उल्कांचे थवे आहेत, ते एकमेकांवर आदळून तापतात, त्यांतून तेजोमेघ दिसतात आणि त्यांचेच पुढे तारे होतात, असे ते म्हणत. १८९० मध्ये त्यांनी यावर पूर्ण ग्रंथ लिहिला. पुरावा म्हणून त्यांनी तेजोमेघांतल्या एका हिरवट रेषेकडे बोट दाखवले. ती उल्कांतल्या मॅग्नेशियमची आहे, म्हणजे एका धूसर पट्ट्याची उरलेली कड आहे, असा त्यांचा दावा होता.

हा दावा तपासणाऱ्यांत पुणेही होते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभारली होती. तिथली २० इंची परावर्तक दुर्बीण त्यानंतर अनेक दशके भारतातली सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट घेतला. मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड असती तर ती रेषा एका बाजूला पसरट दिसायला हवी होती. पुण्यातून ती कोणत्याही परिस्थितीत अरुंद आणि रेखीवच दिसली. १८९१ मध्ये त्यांनी तसे जाहीर केले. अमेरिकेत कीलर यांनी मोजलेली रेषेची जागाही मॅग्नेशियमशी जुळत नव्हती. लंडनच्या दबदब्याच्या माणसाचा सिद्धान्त पुण्यातल्या एका प्राध्यापकाने मोजमापाने अडवला, ही गोष्ट विजयदुर्गाच्या ओट्यांइतकी कुणी सांगत नाही, याचे वाईट वाटते. (ती रेषा कशाची, हे १९२७ मध्ये बोवेन यांनी उलगडले : दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची.)

विजयदुर्ग, २२ जानेवारी १८९८

लॉकियर हटणारे नव्हते. भारतात ते १८७१ च्या ग्रहणासाठी एकदा येऊन गेले होते, तेव्हा मुक्काम होता केरळच्या बेकल किल्ल्यावर. १८९८ च्या ग्रहणाची सावली मात्र कोकणातून ईशान्येकडे, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून जाणार होती. जेऊरला नायगमवाला यांनी आपली उपकरणे मांडली, तिथेच अमेरिकेहून कॅम्पबेल आले. लॉकियर यांनी निवडला विजयदुर्ग. जोतिबापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत, सह्याद्रीच्या पलीकडे. आंग्र्यांच्या या किल्ल्यावर त्यांचा तळ पडला. सोबत मुलगा विल्यम, सहायक आल्फ्रेड फाउलर आणि ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी. खलाशांकडून आधी अनेकदा तालीम करून घेतली, कारण खग्रास स्थिती होती फक्त सुमारे दोन मिनिटे.

आकाश निरभ्र मिळाले. लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या अगदी कडेच्या थराचे, म्हणजे वर्णावरणाचे वर्णपट टिपले गेले. हे नाव, क्रोमोस्फिअर, लॉकियर यांनीच दिलेले. त्यांना हवे होते ते एवढेच : काही रेषा साध्या ज्योतीत मंद असतात आणि विजेच्या ठिणगीत तेजस्वी होतात, तशाच त्या तप्त ताऱ्यांतही तेजस्वी असतात. सूर्याच्या कडेला त्या कशा दिसतात?

उदाहरण कॅल्शियमचे घ्या. कमी उष्णतेत त्याची निळी रेषा ठळक. उष्णता वाढवली की ती मागे पडते आणि जांभळ्या भागातल्या दोन रेषा पुढे येतात. लॉकियर म्हणाले, प्रचंड उष्णतेत मूलद्रव्यच फुटते आणि त्याहून साधे काही उरते. अणू अभेद्य मानणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी हे उडवून लावले. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, म्हणजे विजयदुर्गाच्या जेमतेम वर्षभर आधीचा. अणूतून नेमके काय सुटते हे तेव्हा कळायला वाव नव्हता.

१९१३ मध्ये अमेरिकेचे रसेल यांनी दाखवले की लाल तारे खरोखरच दोन जातींचे असतात, अवाढव्य आणि खुजे. त्यांनी आधी त्यांची मांडणीही चढती-उतरतीच केली, लॉकियर यांच्या कमानीची आठवण व्हावी अशी. पुढे अणुसंमीलन कळल्यावर ती मांडणी उलटली. लॉकियर यांनी तरुण ठरवलेल्या ज्येष्ठा आणि रोहिणी या दोघी प्रत्यक्षात उतारवयातल्या निघाल्या : गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर फुगलेल्या. दोन प्रकारचे लाल तारे, हे बरोबर; त्यांचा क्रम चुकीचा.

१९१३ मध्येच सरकारने त्यांची सौर वेधशाळा लंडनहून केंब्रिजला हलवली. हे लॉकियर यांच्या मनाविरुद्ध होते. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थाने डेव्हन परगण्यात सिडमथजवळच्या टेकडीवर स्वतःची नवी वेधशाळा बांधली. ती आजही त्यांच्या नावाने आहे. १६ ऑगस्ट १९२० रोजी तिथल्याच घरी ते वारले.

त्याच सुमारास मेघनाद साहा नावाचे एक तरुण बंगाली शास्त्रज्ञ लंडनमध्ये फाउलर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. हे तेच फाउलर, विजयदुर्गावर लॉकियर यांच्यासोबत होते ते. साहांनी गणिताने दाखवले की उष्णतेत कॅल्शियमचा अणू एक इलेक्ट्रॉन गमावतो, आणि जांभळ्या भागातल्या त्या दोन रेषा अशा अणूच्या असतात. कोणत्या तापमानाला आणि दाबाला किती अणू असे होतील, याचे समीकरणही त्यांनी दिले. तेव्हापासून वर्णपटावरून ताऱ्याचे तापमान काढता येऊ लागले.

विजयदुर्गावर अलीकडे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. साहेब खरोखर त्या ओट्यांवर उभे होते तो दिवस २२ जानेवारी.