वाऱ्यांचे गणित

पुण्यातील शिवाजीनगर भागात 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. सिमला हे शहर तर दूर हिमाचल प्रदेशात आहे. मग त्याचे नाव पुण्यात कसे आले? 1928 साली भारताच्या हवामान खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यात आली. तेव्हापासून लोक तिला सिमला ऑफिस म्हणू लागले. त्याआधी याच खात्यात एका गणितज्ञाने सुमारे वीस वर्षे पावसाचे कोडे सोडवण्यासाठी कष्ट केले. त्यांचे नाव सर गिल्बर्ट वॉकर.

वॉकर यांचा जन्म 14 जून 1868 रोजी इंग्लंडमधील रॉचडेल या गावी झाला. लहानपणापासून त्यांना गणिताची आवड होती. 1889 साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. त्यांना बूमरँग फेकण्याचा मोठा नाद होता. बूमरँग हे ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे वाकडे लाकडी हत्यार. त्याचा एक प्रकार असा असतो, की नीट फेकल्यास तो हवेत वळसा घेऊन फेकणाऱ्याकडे परत येतो. वॉकर केवळ खेळून थांबले नाहीत. तो परत का येतो, याचे गणितही त्यांनी मांडले. म्हणून मित्र त्यांना 'बूमरँग वॉकर' म्हणत.

1904 साली वॉकर भारतात आले आणि हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी हवामानशास्त्राचे शिक्षण घेतले नव्हते. पण काम मात्र फार अवघड होते. पाच वर्षांपूर्वी, 1899 साली, पावसाने दगा दिला होता. गुजरात, राजपुताना आणि मुंबई इलाख्याच्या मोठ्या भागात भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे दगावली. चारापाण्यावाचून गुरे मेली. हे संकट येणार, हे हवामान खात्याला आधी सांगता आले नव्हते. पावसाचा अंदाज चुकणे म्हणजे काय, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आपला पाऊस मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. 'मोसमी' हा शब्द अरबी 'मौसिम' या शब्दावरून आला आहे. अरब खलाशी या वाऱ्यांच्या भरवशावर आपली गलबते हाकत. पण हे वारे एखाद्या वर्षी भरपूर पाऊस आणतात आणि एखाद्या वर्षी कोरडेच राहतात. असे का होते?

वॉकर यांनी विचार केला, की हवेला देशांच्या सीमा नसतात. भारतातील पावसाचे कारण फक्त भारतात शोधून चालणार नाही. त्यांनी जगभरातून हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदी मागवल्या. तेव्हा आजच्यासारखे संगणक नव्हते. खात्यातील भारतीय कर्मचारी कागदावर आकडेमोड करत. एका ठिकाणचा दाब वाढला, तर दुसऱ्या ठिकाणी काय होते, हे ते वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून तपासत.

या कष्टांतून एक नवल समोर आले. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला, की हिंदी महासागराकडे तो कमी होतो. तिकडे कमी झाला, की इकडे वाढतो. मैदानातील सी-सॉच्या फळीसारखाच हा प्रकार! वॉकर यांनी त्याला 'दक्षिणी दोलन' असे नाव दिले.

कामाच्या या गर्दीतही वॉकर गुणी माणसांना विसरले नाहीत. 1913 साली मद्रासमध्ये त्यांना एका गरीब कारकुनाची गणिते दाखवण्यात आली. वॉकर यांनी लगेच विद्यापीठाला शिफारस केली. त्या तरुणाला दरमहा 75 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो तरुण म्हणजे थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन.

1924 साली वॉकर निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. पण पावसाचा अचूक अंदाज देण्याचे त्यांचे स्वप्न अपुरेच राहिले. दाब असा वरखाली का होतो, याचे कारण त्यांना सापडले नव्हते. अनेक शास्त्रज्ञांना त्यांच्या आकड्यांवर विश्वास वाटत नव्हता. 4 नोव्हेंबर 1958 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी, ते वारले.

उत्तर मिळाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. 1969 साली जेकब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने त्याचे कारण उलगडले. पॅसिफिक महासागरावर विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तेथे हवा तापून वर चढते आणि पाऊस पडतो. मग ती हवा उंचावरून पूर्वेकडे जाते आणि दक्षिण अमेरिकेजवळ खाली उतरते. हवेच्या या प्रचंड चक्राला ब्यर्कनेस यांनी 'वॉकर अभिसरण' असे नाव दिले.

हे चक्र मंदावले, की पूर्व पॅसिफिकचे पाणी तापते. यालाच 'एल निनो' म्हणतात. अशा वर्षी भारतात बऱ्याचदा पाऊस कमी पडतो. पण नेहमीच नाही. 1997 साली मोठा एल निनो येऊनही आपल्याकडे पुरेसा पाऊस झाला. म्हणजे कोडे अजून पूर्ण सुटलेले नाही.

तरीही आज पावसाचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ पॅसिफिक महासागराकडे पाहतात. ती वाट वॉकर यांनी दाखवली. प्रामाणिक कष्टांचे फळ कधी उशिरा मिळते, पण ते वाया जात नाहीत.