हेडर फाइलमधला माणूस : डेनिस रिची

फर्स्ट इयरला आल्यावर आपण सगळ्यांनी एक ओळ न समजता लिहिलेली आहे. हॅश इन्क्लूड, पुढे कोनाचे कंस आणि त्यात एसटीडीआयओ डॉट एच. सरांनी फळ्यावर लिहिली, आपण वहीत उतरवली. खालचा प्रोग्राम चुकला तर डोकं खाजवायचं, पण ही ओळ मात्र पत्रिकेवर आधी श्री लिहितात तशी डोळे मिटून वर लिहायची!

ही सोय आपल्याला कोणी दिली? बिल गेट्स, स्टीव्ह जॉब्ज ही नावं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. पण सी भाषा आणि तिच्या हेडर फाइल ज्याच्या हातून जन्माला आल्या, त्या डेनिस मॅकॲलिस्टर रिचीचं नाव विचारलं तर आपण के अँड आर मधला आर एवढंच सांगतो. म्हणून हा लेख. मी लातूरच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकले, निबंध सगळे इंग्रजीत लिहिले, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.

रिचीचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिल गावातला. वडील ॲलिस्टर रिची बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ होते. टेलिफोन एक्स्चेंजमधली स्विचिंग सर्किट्स हा त्यांचा विषय. त्यावर त्यांनी दोघांबरोबर लिहिलेलं पुस्तक १९५१ साली आलं. म्हणजे घरातच लॉजिक! मुलगा हार्वर्डला फिजिक्स शिकला, पुढे अप्लाइड मॅथेमॅटिक्सकडे वळला. १९६७ मध्ये तोही वडिलांच्याच बेल लॅब्जमध्ये लागला. १९६८ मध्ये पीएच.डी.चा थिसिस लिहून तयार होता, पण लायब्ररीला त्याची बाइंडिंग केलेली प्रत द्यावी लागते, ती त्याने शेवटपर्यंत दिली नाही. त्यामुळे डिग्री मिळालीच नाही! आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री बाइंडिंगवाल्याच्या दुकानापुढे रांग लागते, आणि ह्या माणसाला त्याची काही पडलेलीच नव्हती.

त्या काळी बेल लॅब्ज, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होते. काम लांबत गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं. मग केन थॉम्प्सनने पीडीपी-७ नावाच्या एका जुन्या मशीनवर स्वतःची छोटी सिस्टीम सुरू केली, तीच युनिक्स. रिची पहिल्यापासून त्याच्या जोडीला होता. १९७० मध्ये त्यांना पीडीपी-११ मिळालं. त्याची मेमरी होती २४ केबी. त्यातली १६ सिस्टीमला आणि ८ वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला. आज आपला मोबाईलवरचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

थॉम्प्सनची बी नावाची भाषा होती. तिच्यात डेटाचे प्रकारच नव्हते, सगळं एका मापाचं. नव्या मशीनवर ते जमेना. रिचीने त्या भाषेला टाइप दिले, नंतर स्ट्रक्चर दिलं, आणि १९७१ ते १९७३ ह्या काळात सी तयार झाली. १९७२ मध्ये थॉम्प्सनने युनिक्सचा कर्नल सीमध्ये लिहून पाहिला होता, पण तेव्हा भाषेत स्ट्रक्चर नव्हतं आणि त्याने तो नाद सोडला. स्ट्रक्चर आल्यावर १९७३ मध्ये तेच काम फत्ते झालं.

आणि इथेच हेडर फाइलची गरज पडली. ती का, हे सांगायला मी तुम्हाला आमच्या लातूरच्या रेल्वेकडे नेते.

लातूरला पूर्वी बार्शी लाइट रेल्वे होती. रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच. कुर्डुवाडीला मुंबईची मोठी लाइन भेटायची, तिचं अंतर ५ फूट ६ इंच. माझे आजोबा सांगतात की लातूरचा माल कुर्डुवाडीला एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. दोन्ही गाड्या आपापल्या जागी ठीक होत्या. पण माप एक नव्हतं. २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंतचं गेज बदलून पूर्ण झालं आणि ही कटकट मिटली.

प्रोग्रामचंही असंच असतं. एका फाइलमध्ये मी स्ट्रक्चर लिहिलं : आधी नंबर, मग तारीख, मग नाव. दुसऱ्या फाइलमध्ये माझ्या मैत्रिणीने तेच स्ट्रक्चर आपल्या हाताने लिहिलं, पण तारीख आधी टाकली. दोन्ही फाइल कंपाइल होतात. एररसुद्धा येत नाही! फक्त चालवल्यावर नंबरच्या जागी तारीख वाचली जाते. उपाय एकच. माप एकाच ठिकाणी लिहायचं आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यायचं. ते ठिकाण म्हणजे हेडर फाइल.

१९७२-७३ च्या सुमारास रिचीने सीमध्ये ही सोय घातली. कल्पना एकट्याची नव्हती. बीसीपीएल आणि पीएल/वन ह्या भाषांमध्ये तसं काही होतंच, आणि ॲलन स्नायडर नावाच्या सहकाऱ्याने आग्रह धरला होता. सुरुवातीला फक्त दोन गोष्टी होत्या : दुसरी फाइल आत घेणे आणि साधी नावं डिफाइन करणे. इफडेफ वगैरे मंडळी नंतर माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी आणली. तेच इफडेफ पुढे किती छळणार होतं ते खाली सांगतेच.

सामायिक वस्तूचा एक नियम असतो. ती बदलायची तर लवकर बदला, नंतर कोणी बदलू देत नाही. रिचीच्याच आयुष्यात ह्याचं एक भारी उदाहरण आहे. बी भाषेत & हे एकच चिन्ह दोन कामं करायचं. रिचीने त्यातून && वेगळं काढलं. खरं तर त्याच वेळी & ला == च्या वरची प्रेसिडन्स द्यायला हवी होती. पण जुने प्रोग्राम बिघडतील म्हणून त्याने जुन्या चिन्हाला हात लावला नाही. जुने प्रोग्राम म्हणजे किती? काहीशे किलोबाइट कोड, तोही जेमतेम तीन ठिकाणी! बदललं असतं तर बरं झालं असतं, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. आज आपण फ्लॅग & १ == ० असं लिहून फसतो आणि मग कंस टाकतो, ते त्या तीन ठिकाणांमुळे. तीन स्टेशनं होती तेव्हा गेज बदललं नाही, आता सगळ्या जगभर रूळ पडलेत.

युनिक्समध्येही सामायिक हेडरचा त्रास त्याने जवळून पाहिला असणार. चालू प्रोसेस दाखवणारी पीएस कमांड त्या काळी सरळ कर्नलची मेमरी वाचायची, आणि त्यासाठी कर्नलचीच प्रोक डॉट एच फाइल आत घ्यायची. कर्नलमध्ये त्या स्ट्रक्चरला एक फील्ड वाढवली आणि पीएस पुन्हा कंपाइल केली नाही, की ती काहीतरी भलतंच दाखवणार.

हीच गोष्ट तीस वर्षांनी बूटलोडरमध्ये पुन्हा घडली. बोर्डला करंट दिला की सगळ्यात आधी जागा होतो तो बूटलोडर. तो रॅम चालू करतो, कर्नल उचलून मेमरीत ठेवतो आणि त्याच्या हातात कारभार देऊन बाजूला होतो. वोल्फगांग डेंक ह्या जर्मन इंजिनीअरने २००० साली पीपीसीबूट नावाने एक ओपन सोर्स बूटलोडर खुला केला, २००२ मध्ये त्याचं नाव यू-बूट झालं. आपल्या लॅबमधले कितीतरी बोर्ड त्याच्यावर उठतात. तो जवळजवळ सगळा रिचीच्या सीमध्ये आहे.

जाताना बूटलोडर कर्नलला एक स्ट्रक्चर देऊन जायचा : रॅम किती, घड्याळाचा वेग किती, नेटवर्कचा पत्ता काय. ह्या स्ट्रक्चरची एक हेडर फाइल यू-बूटमध्ये आणि तिची जुळी बहीण लिनक्समध्ये. शिवाय बोर्ड बदलला की फील्ड बदलणार, म्हणून आत इफडेफची रांग. एका बाजूला एक ऑप्शन चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद राहिला, की पुढच्या सगळ्या फील्ड सरकल्या! घड्याळाचा वेग चुकीचा वाचला की सिरियल पोर्टचा वेग चुकतो, आणि स्क्रीनवर कचरा नाहीतर काहीच नाही. बोर्ड मुका. एरर सांगायलाही तोंड नाही. पुढे डिव्हाइस ट्री आलं. त्यात प्रत्येक किमतीवर तिचं नाव असतं, कितव्या जागेवर आहे ह्याला महत्त्व नाही. म्हणजे प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी. मग डबा कुठलाही असो.

यू-बूटमधली आणखी एक फाइल म्हणजे कॉमन डॉट एच. नावाप्रमाणे सगळ्यांची, जवळजवळ प्रत्येक फाइल तिला आत घ्यायची. कुणाला काही हवं असलं की टाक तिथेच. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, असं आपल्याकडे म्हणतात ना, तसं झालं. एक ओळ हलवली की जवळपास सगळा प्रोजेक्ट पुन्हा कंपाइल, आणि कुणाला नक्की काय लागतं हे कुणालाच सांगता येईना. मग लोकांनी कित्येक वर्षं एकेक गोष्ट त्यातून काढून योग्य हेडरमध्ये नेली, आणि २०२४ मध्ये ती फाइल कायमची काढून टाकली. ह्याने कुठला नवीन फीचर आला नाही. बोर्ड लवकर उठायला लागला नाही. फक्त पुढच्या माणसाला वाचता यायला लागलं.

रिचीचा स्वभावही असाच, वस्तू लहान ठेवण्याचा. ब्रायन कर्निघनबरोबरचं त्याचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. पहिली आवृत्ती सव्वादोनशेच्या आसपास पानांची, आणि त्यात सगळी भाषा. सीचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या कमिटीत तो फारसा पडला नाही. पण १९८८ मध्ये कमिटीने नोॲलायस नावाचा एक शब्द भाषेत घालायचं ठरवलं, तेव्हा मात्र त्याने कडक पत्र लिहून विरोध केला. तो शब्द गेला आणि १९८९ मध्ये स्टँडर्ड त्याच्याशिवाय मंजूर झालं. सामायिक गोष्ट सांभाळणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे, ते असं. पुढे त्याच्या बेल लॅब्जमधल्या मंडळींनी प्लॅन नाइन ही सिस्टीम बनवली. तिच्यात एका हेडरने दुसऱ्या हेडरला आत घ्यायचंच नाही, असा दंडक होता.

मानसन्मान भरपूर मिळाले. १९८३ मध्ये थॉम्प्सनबरोबर ट्युरिंग अवॉर्ड. १९९९ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी. २०११ चं जपान प्राइझ, पण तिकडे मोठा भूकंप झाल्यामुळे ते त्याला बेल लॅब्जमध्येच आणून दिलं. पण राहणी तीच. लग्न केलं नाही, दुपारी लॅबमध्ये यायचं आणि रात्री उशिरापर्यंत काम. २००७ मध्ये तो रिटायर झाला.

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्ज गेले आणि जगभर मेणबत्त्या लागल्या. १२ ऑक्टोबरला न्यू जर्सीतल्या बर्कले हाइट्समधल्या घरी रिची मृत अवस्थेत सापडला. तो एकटाच राहायचा. वय ७०. मी तेव्हा ए बी सी डी गिरवत होते, त्यातला सी पुढे कोणाचा निघणार हे कुठे माहीत होतं! ॲपलच्या मशीनमधली सिस्टीमसुद्धा युनिक्सच्याच घराण्यातली, पण ह्याची बातमी आतल्या पानावर. हेडर फाइलचं असंच असतं. ती सगळ्यांच्या आत असते, पण चालताना दिसत नाही.

आता आपल्याकडचं. ह्या वर्षी नांदेडला आम्ही चौघेजण शेतातला पंप मोबाईलवरून चालू-बंद करणारा बोर्ड करतोय. दोघी लातूरच्या, एक नांदेडचा, एक उदगीरचा. बोर्डवर आमचा छोटा बूटलोडर आहे, म्हणजे विहिरीवर न जाता नवा प्रोग्राम पाठवता येतो. मुख्य प्रोग्राम कुठल्या पत्त्यावर सुरू होतो, हे बूटलोडर आणि प्रोग्राम दोघांनाही सारखंच माहीत पाहिजे. ते सगळं एका हेडरमध्ये. आधीच्या बॅचकडून पेन ड्राइव्ह मिळाला त्यात त्या हेडरच्या तीन कॉप्या होत्या, तिन्हीत पत्ते वेगळे! लॅबमध्ये हे चालून जातं, रिसेट दाबलं की झालं. पण आपल्याकडे पंपाची लाइट बऱ्याचदा रात्री येते. पत्ता चुकला आणि बोर्ड उठला नाही, तर एखाद्या शेतकऱ्याला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, साप-विंचवातून विहिरीवर जावं लागेल.

म्हणून आम्ही ठरवलं, हेडर एकच आणि त्याला हात लावणारी एकच व्यक्ती. ते काम मी मागून घेतलं. एकजण म्हणाला, ह्याला वायवामध्ये मार्क नाहीत आणि रेझ्युमेवर काय लिहिणार? खरंय. पण सध्या कोणी नवीन ओळ घेऊन आलं की मी दोनच गोष्टी विचारते : ही चौघांनाही लागते का? बूटलोडर जुना आणि प्रोग्राम नवा असला तर काय होईल? अर्ध्या ओळी तिथेच परत जातात. थोडं वाजतं, पण कॅन्टीनच्या चहावर मिटतं.

पुढच्या वर्षी हा बोर्ड ज्युनिअर्सच्या हातात जाईल. त्यांना एकच हेडर मिळेल, आणि त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते बाजूला लिहिलेलं असेल. कॉमेंट मराठीत आहेत, तेवढं चालवून घ्या.

— टी.ई. (इलेक्ट्रॉनिक्स)