इब्न-उन-नफीस

आपले हृदय दर मिनिटाला सुमारे ७२ वेळा धडधडते आणि शरीरभर रक्त पोहोचवते. हृदयाचे उजवा आणि डावा असे दोन भाग असतात. त्यांच्यामध्ये एक पडदा असतो. मग उजव्या भागातले रक्त डाव्या भागात जाते तरी कसे? या एका प्रश्नाने मोठमोठ्या वैद्यांना हजार वर्षांहून अधिक काळ चकवले. त्याचे बरोबर उत्तर प्रथम लिहून ठेवणारे वैद्य म्हणजे इब्न-उन-नफीस.

त्यांचे नाव अलाउद्दीन अली. इ. स. १२१० च्या सुमारास सीरिया देशात त्यांचा जन्म झाला. दमास्कस शहरातील नूरी रुग्णालयात ते वैद्यक शिकले. त्या काळी रुग्णालयाला बीमारिस्तान म्हणत. तेथे रुग्णांवर उपचार होत आणि विद्यार्थ्यांना शिक्षणही मिळे. अद-दख्वार हे नामवंत वैद्य त्यांचे गुरू होते. पुढे इब्न-उन-नफीस इजिप्तमधील कैरो शहरी गेले आणि तेथेच स्थायिक झाले. त्यांच्या हाताला यश होते. काही काळाने ते इजिप्तचे मुख्य वैद्य झाले. ते धर्मशास्त्राचेही जाणकार होते. कैरोच्या एका मदरशात ते शाफई फिक्ह शिकवत असत.

त्या काळी वैद्यकात दोन नावांचा शब्द अखेरचा मानला जाई. एक दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन आणि दुसरे थोर हकीम इब्न सीना. हृदयाच्या मधल्या पडद्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त डाव्या भागात झिरपते, असे गॅलेनने सांगितले होते. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’ या विख्यात ग्रंथातही पडद्यातून वाट असल्याचे मानले होते. विद्यार्थी ते पाठ करत आणि गुरू तेच पुढे शिकवत.

‘अल-कानून’मधील शरीररचनेच्या भागावर इब्न-उन-नफीस यांनी १२४२ च्या सुमारास एक टीकाग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. इब्न सीना यांच्याविषयी त्यांच्या मनात फार आदर होता. परंतु हृदयाचा विषय आला, तेव्हा त्यांच्यापुढे पेच पडला. थोरांचे म्हणणे तसेच ठेवावे, की आपल्याला पटलेले सत्य लिहावे? त्यांनी सत्य लिहिले. धर्माची आज्ञा आणि मनातील दया यांमुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो, असे त्यांनी ग्रंथाच्या आरंभी नमूद केले आहे. म्हणून अवयवांच्या रचनेसाठी त्यांनी आधीच्या विद्वानांच्या वर्णनांचा आधार घेतला. पण प्रत्येक अवयवाचे कार्य कोणते, हे मात्र स्वतःच्या बुद्धीने पारखून घेतले.

त्यांनी लिहिले, की हृदयाचा मधला पडदा जाड आणि घट्ट आहे. त्याला उघडी किंवा लपलेली कोणतीही छिद्रे नाहीत. मग रक्ताला एकच वाट उरते. ते उजव्या भागातून फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग हृदयाच्या डाव्या भागात येते. फुप्फुसातील रक्तवाहिन्यांमध्ये अतिशय बारीक वाटा असल्या पाहिजेत, हेही त्यांनी ओळखले. रक्त फुप्फुसात प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या काळी या वायूंची नावेही कोणाला ठाऊक नव्हती!

त्यांच्या लिहिण्याच्या वेगाविषयी जुन्या चरित्रकारांनी गमतीदार हकिकती सांगितल्या आहेत. ते लिहायला बसले, की बोरूंना टोक काढून ते शेजारी ठेवले जात. एक झिजला, की ते दुसरा उचलत. एकदा हमामखान्यात अंघोळ करताना त्यांना नाडीविषयी काही सुचले. ते तसेच बाहेर आले, कागद मागवून लिहीत बसले आणि लेखन संपल्यावरच पुन्हा अंघोळीला गेले. त्यांच्या ‘मूजज-उल-कानून’ या छोट्या ग्रंथाचा अभ्यास पुढे भारतातील युनानी हकिमांनीही केला.

१७ डिसेंबर १२८८ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपले घर आणि सर्व ग्रंथ तेथील मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकले.

त्यांचा शोध मात्र हळूहळू विस्मरणात गेला. युरोपात सोळाव्या शतकात सर्व्हेटस आणि कोलंबो यांनी फुप्फुसातून जाणाऱ्या रक्ताचा हाच मार्ग सांगितला. १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी संपूर्ण शरीरातील रक्ताभिसरण सिद्ध केले. फुप्फुसातील त्या बारीक वाटा, म्हणजे केशवाहिन्या, १६६१ मध्ये इटलीच्या मालपिगी यांनी सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिल्या. पुढे १९२४ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या मुहिउद्दीन अत-ततावी या इजिप्शियन डॉक्टरांना बर्लिनच्या ग्रंथालयात इब्न-उन-नफीस यांच्या ग्रंथाचे हस्तलिखित आढळले. तेव्हा कुठे जगाला कळले, की हार्वे यांच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी कैरोच्या या हकिमाने रक्ताची फुप्फुसातील वाट अचूक सांगितली होती. गुरुजनांचा मान राखूनही त्यांची चूक दुरुस्त करता येते, हे त्यांनी आपल्या ग्रंथातून दाखवून दिले.