मलकापूरच्या छावणीतले रघूजीराजे

शाळेत आसईची लढाई आपण एका ओळीत पाठ केली होती. ती लढाई होण्याआधी शेवटची बोलणी आपल्या मलकापूरजवळ फिसकटली, हे मला इंजिनिअर होऊन वीस वर्षे झाल्यावर कळले. म्हणून स्मरणिकेसाठी नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांविषयी लिहिते आहे.

रघूजी हे मुधोजींचे पुत्र. काका जानोजींनी त्यांना दत्तक घेतले. 1788 मध्ये मुधोजी वारले आणि सारा कारभार रघूजींच्या हाती आला. 1795 मध्ये खर्ड्याला ते पेशव्यांच्या बाजूने निजामाविरुद्ध लढले. त्यांचे राज्य पूर्वेला कटकपर्यंत होते आणि आपल्या वऱ्हाडच्या महसुलात निजामाबरोबर त्यांचाही वाटा होता.

31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने दुसरे बाजीराव पेशवे इंग्रजांच्या आश्रयाला गेले. रघूजींना ते रुचले नाही. ते दौलतराव शिंद्यांना मिळाले. यशवंतराव होळकरांनाही सोबत आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण होळकर अलिप्त राहिले. 1803 च्या पावसाळ्यात भोसले-शिंद्यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीला लागून मलकापूरजवळ उतरल्या होत्या. कंपनी, निजाम आणि पेशवे आता एका बाजूला होते. त्यांच्या वतीने जनरल वेलस्लीने बजावले, की दोघांनी फौजा घेऊन आपापल्या मुलखात परतावे, नाहीतर युद्ध होईल. दोघांनी उलट अट घातली: इंग्रज फौजा आधीच्या ठाण्यांवर परतल्या, तर आम्हीही बऱ्हाणपूरपर्यंत मागे जाऊ.

आमच्या कामात दोन प्रोग्रॅम असे एकमेकांची वाट पाहत अडकले, तर त्याला डेडलॉक म्हणतात. आम्ही ते बंद करून पुन्हा सुरू करतो. इथे ती सोय नव्हती. 3 ऑगस्टला इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स छावणी सोडून औरंगाबादकडे निघाला आणि युद्धाला तोंड फुटले.

23 सप्टेंबरला आसई, 29 नोव्हेंबरला अडगाव असे पराभव झाले. 15 डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावच्या तहात रघूजींना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. आपला भाग निजामाकडे गेला तो असा. त्या छावणीच्या निर्णयाची किंमत इथल्या गावांनीही मोजली.

पुढे रघूजींनी एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत सांभाळली. 1809 मध्ये अमीरखान पेंढाऱ्याची स्वारी आली, इंग्रजांची मदतही झाली, तरी त्यांची तैनाती फौज त्यांनी स्वीकारली नाही. 22 मार्च 1816 ला ते वारले आणि दोनच महिन्यांत नागपूरने तैनाती फौजेचा करार केला.

मेळाव्याला येताना गाडी मलकापूर स्टेशनात थांबेल, तेव्हा ही छावणी आठवा. आपल्या मुलांनाही सांगा. आपल्याला हे कोणी सांगितले नव्हते.