पाय गेले, खेळ राहिला

उत्सवाच्या स्मरणिकेत संतांची, समाजसुधारकांची चरित्रं आवर्जून येतात. यंदा लेखाची विचारणा झाली तेव्हा मी एका धावपटूचं नाव सुचवलं, तेही दूर इथिओपियातल्या. अबेबे बिकिला अनवाणी धावला, एवढं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. मला त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध त्याहून मोठा वाटतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी जातो नावाच्या खेड्यात झाला. तो तीन वर्षांचा असताना इटलीने त्याच्या देशावर आक्रमण केलं. पुढे तो सम्राट हेले सिलासी यांच्या शाही रक्षक दलात शिपाई झाला. तिथे ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकांनी त्याला घडवलं.

१० सप्टेंबर १९६० रोजी, रोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला, नवे बूट पायाला नीट बसेनात. अनवाणी धावण्याचा सराव होताच. तो तसाच उतरला. संध्याकाळी सुरू झालेली शर्यत मशालींच्या उजेडात संपली. शेवटच्या टप्प्यात वाटेवर अक्सूमचा प्राचीन दगडी स्तंभ उभा होता. इटालियन फौजांनी तो १९३७ साली इथिओपियातून रोमला नेला होता. मायदेशी परतायला त्याला २००५ साल उजाडावं लागलं. त्या स्तंभाजवळ अबेबेने वेग वाढवला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत तो पहिला आला. तोवरच्या मॅरेथॉनमधली ही सर्वांत वेगवान वेळ होती.

१९६४ साली टोकियोत तो बूट घालून धावला. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. तरी दुसऱ्या धावपटूपेक्षा चार मिनिटांहून अधिक आधी तो पोहोचला आणि मैदानावर शांतपणे व्यायाम करू लागला. ऑलिंपिक मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिलाच. १९६८ साली मेक्सिकोत मात्र दुखापतीमुळे त्याला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली.

मार्च १९६९ मध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला. मणक्याला इजा झाली आणि पाय कायमचे गेले. उपचारांसाठी त्याला इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात नेण्यात आलं. याच ठिकाणी डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, १६ जायबंदी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली होती. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. पहिलं पॅरालिंपिक भरलं तेही रोममध्येच, १९६० साली, अबेबेच्या त्या शर्यतीनंतर अवघ्या आठ दिवसांनी. चाकाच्या खुर्चीतले सुमारे ४०० खेळाडू त्याच शहरात जमले होते!

दोन सुवर्णपदकांच्या आठवणींवर त्याला उरलेले दिवस काढता आले असते. पण तो १९७० साली स्टोक मँडविलच्या स्पर्धेत खुर्चीत बसून धनुष्य घेऊन उतरला, टेबल टेनिस खेळला. जगज्जेत्याने पुन्हा नवशिका व्हायचं, हे मला मॅरेथॉनपेक्षाही अवघड वाटतं. १९७१ मध्ये नॉर्वेत बर्फावरच्या घसरगाडीची शर्यत त्याने जिंकली. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी तो गेला. साऱ्या देशाने शोक पाळला.

याच पॅरालिंपिकमध्ये भारताचं पहिलं सुवर्ण आलं ते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांमुळे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या जवानाने १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्याची शर्यत जिंकली.

आपल्या वसाहतीतही आजारपणाने किंवा अपघाताने घरी बसलेले सहकारी आहेत. वर्गणी आठवणीने पाठवतात, पण मांडवात यायला संकोचतात. कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. यंदा मांडवाच्या पायऱ्यांशेजारी खुर्ची चढेल असा उतार करावा, आणि कॅरम-बुद्धिबळाच्या नोंदणीची वही घेऊन आपणच त्यांच्या घरी जावं. ती वही घेऊन फिरायला मी तयार आहे.

गणपती बाप्पा मोरया!